एक्सल जाम हाय

घरत सिस्टरांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, माझं वजन सांगितलं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पनवेलच्या बाहेर, डोंगराच्या बाजूला असलेल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात मी फार्मासिस्ट म्हणून रुजू व्हायला आलो होतो. साताऱ्याकडचा, पहिलीच नोकरी, हातात पत्र्याची पेटी. व्हरांड्यात पांढऱ्या साडीतल्या एक भक्कम बाई तान्ह्या मुलांच्या वजनकाट्याला तेल घालत बसल्या होत्या. अंबाड्यावर अबोलीची वेणी. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बावन्न किलो. आयशीनं एकट्याला सोडला कसा तुला?"

मला राग आला. आत जाऊन, कोणी बघत नाही असं पाहून, मोठ्यांच्या काट्यावर उभा राहिलो. बावन्न. बाहेरून आवाज आला, "पेटी हातात धरलीस का खाली ठेवलीस?"

यमुना घरत हे त्यांचं नाव, पण ते फक्त हजेरीपटावर. बाकी सगळ्यांच्या त्या सिस्टर. वय पन्नाशीच्या आसपास, जवळच्याच आगरी गावातल्या. सिस्टर झाल्या, कोट-टायवाल्या साहेबांत वावरल्या, पण बोलणं गावचंच राहिलं. त्या बोलण्यात एका माणसाला 'तुम्ही' म्हणायची सोयच नव्हती. आमचे डॉक्टरसाहेब, ट्रक ड्रायव्हर, सरपंच, तान्हं बाळ, सगळे 'तू'. पुरुष असेल तर वर 'बाला'. एकदा मी भीत भीत सुचवलं, "सिस्टर, डॉक्टरसाहेबांना तरी अहो-जाहो करा."

"आमी देवाला पन तू बोलतो," त्या म्हणाल्या. "तुजा डाक्टर त्याच्यावर हाय का?"

डॉक्टरांची तक्रार नव्हती. किंबहुना सिस्टर त्यांना चुकून 'तुम्ही' म्हणाल्या असत्या तर आपलं काहीतरी चुकलं असं वाटून ते दिवसभर कोमेजले असते.

सिस्टरांना गोष्ट सांगायला फार आवडे, आणि सांगता मात्र येत नसे. कारण मजेशीर भाग यायच्या आधीच त्यांना हसू फुटायचं. "मग तो गेला ना विहिरीवं, आनि बघतो तर..." इथे त्या जे हसायला लागत, ते डोळ्यांतून पाणी येऊन पदर तोंडात कोंबेपर्यंत. विहिरीवर त्यानं काय बघितलं हे मला आजवर कळलेलं नाही. पण रांगेत बसलेले तापाचे, खोकल्याचे, कंबरदुखीचे सगळे पेशंट पोट धरून हसलेले मी पाहिलेत.

एकदा जिल्ह्याहून एक मोठे साहेब तपासणीला आले. रजिस्टरं उलटीपालटी करून त्यांनी तासभर सगळ्यांना फैलावर घेतलं. सिस्टर त्यांच्याकडे बघत होत्या, पण वेगळ्याच नजरेनं. मध्येच म्हणाल्या, "बाला, सकालपासून काय खाल्लंस तू?"

साहेब थांबले. मग ते एकदम लहान आवाजात म्हणाले, "चहा."

"तरीच." सिस्टरांनी त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि कांद्यातली सुकट पुढे ठेवली. जाताना साहेबांनी शेरेबुकात 'समाधानकारक' असं लिहिलं. ते कामाबद्दल होतं की सुकटीबद्दल, यावर आमच्यात बरेच दिवस वाद होता.

मोटारसायकल आली ती माझ्या दुसऱ्या वर्षी. सिस्टरांकडे डोंगराच्या पायथ्याच्या सात-आठ कातकरी वाड्या होत्या आणि त्या सगळ्या त्या चालत करत. मग गुडघे कुरकुरायला लागले. "मोपेड घ्या," आम्ही म्हणालो. "त्या पिटुकल्या गाडीवं मी बसली तर मी दिसंल, गाडी नाय दिसनार," त्या म्हणाल्या, आणि उरणच्या बाजूच्या एका मासळीवाल्याची शंभर सीसीची लाल मोटारसायकल घेऊन आल्या. मासळीवाल्यानं दहा वर्षं मागच्या बाजूला पाट्या बांधून तिच्यावरून बोंबील आणि कोळंबी वाहिली होती. बर्फाचं खारट पाणी दहा वर्षं तिच्या मागच्या चाकावर ठिबकलं होतं. गाडी दिसायला झकास होती, पण दवाखान्याच्या आवारात उभी केली की पाच मिनिटांत तीन मांजरं तिच्याभोवती येऊन बसत आणि सीटकडे आशेनं बघत.

शिकायची जागा होती नवीन पनवेल. तिथे तेव्हा सेक्टर आखले होते, रस्ते झाले होते, चौकात गोल वर्तुळं बांधली होती आणि माणसं अजून राहायला यायची होती. एका रविवारी संध्याकाळी मी आणि सिस्टर तिथे गेलो. त्यांनी पांढऱ्या साडीचा आगरी पद्धतीनं घट्ट काष्टा मारला, कीक मारली, आणि मी गिअरबद्दल पुढचं सांगणार तोवर निघून गेल्या. पाच मिनिटांनी चौकातल्या वर्तुळाला फेऱ्या घालताना दिसल्या. मी कडेला उभा. आमचं संभाषण फेरीगणिक झालं.

"कदम, गाडी लय गोड चालतंय!" आणि पुढे.

दुसऱ्या फेरीला: "कदम, थांबवायची कशी?"

"ब्रेक! उजवा पाय!" मी ओरडलो, पण त्या गेल्या होत्या.

तिसऱ्या फेरीला: "काय बोल्लास?"

"उजवा पाय!"

चौथ्या फेरीला: "हाय ना! जागेवंच हाय! त्याचं काय?"

"दाबा!"

पाचव्या फेरीला त्यांनी डाव्या हातानं उजवा गुडघा दाबून दाखवला आणि त्यामुळे सहाव्या फेरीला वर्तुळ जरा वाकडं झालं. अकराव्या फेरीला निरोप आला, "माज्या घरी सांग, जेवून घ्या, मना वेल लागंल!" शेवटी एका अर्धवट बांधलेल्या इमारतीपुढच्या रेतीच्या ढिगात गाडी अर्धी घुसली आणि बंद पडली. मी धापा टाकत पोचलो. सिस्टर सीटवर ताठ बसलेल्या, वेणी कानावर लोंबकळत होती.

"थांबली का नाय?" त्या म्हणाल्या, आणि असं हसायला लागल्या की आम्हा दोघांना गाडी रेतीतून काढायला अर्धा तास लागला.

पण पंधरा दिवसांत त्या तयार झाल्या. लायसन काढलं. डोंगराच्या वाटेवर त्यांच्याइतक्या सफाईनं गाडी चालवणारं त्या भागात कोणी नव्हतं. वाडीतली पोरं आवाज ओळखायची आणि दोन गटांत वाटली जायची. पेपरमिंटच्या आशेनं धावत येणारी आणि सुईच्या भीतीनं झाडावर चढणारी.

आता एक्सलची गोष्ट.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी साडेआठला एका वाडीतली सोमी नावाची बाई धावतपळत दवाखान्यात आली. काखेत पोर. दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीचा मुकादम ट्रक घेऊन येतो आणि अख्खी वाडी सहा महिन्यांसाठी कुठल्या तरी लांबच्या भट्टीवर जाते. ट्रक पुढच्या आठवड्यात येणार होता. सोमी म्हणाली, "सिस्टर, गाडी आजच येनार हाय. दुपारी. भांडी बांधली सगल्यांनी."

सिस्टरांचा चेहरा उतरला. शेजारच्या वाडीत गोवर आला होता, दोन पोरं गेली होती. सोमीच्या वाडीतल्या पोरांना परवा लस द्यायचं ठरलं होतं. आज गेली तर सहा महिने ती कुठे सापडणार? आणि भट्टीवर, झोपड्यांच्या दाटीत, एकाला गोवर आला म्हणजे सगळ्यांना.

"कदम, लस काढ."

मी फ्रीजमधून लस काढली, बर्फाच्या डब्यात भरली. जीप महिनाभर गॅरेजात होती. त्या वाटेला एसटी नव्हती. सिस्टरांनी काष्टा मारला, गाडीवर बसल्या, आणि गाडी मागच्या बाजूनं हळूच खाली बसली. मागचा टायर सपाट. पाहिलं तर ट्यूबचा वॉल्व्ह मुळातून फाटलेला. पंक्चर काढून भागणार नव्हतं, ट्यूबच बदलायला हवी होती.

"नवी ट्यूब हाय माज्याकडं," सिस्टर म्हणाल्या. "चाक काढायचं, टाकायचं, जायाचं. पंधरा मिनिटं."

गाडी डबल स्टँडवर चढवली. शिपाई धर्मा पान्यावर उभा राहून दोनदा उडी मारल्यावर नट सुटला. ब्रेकचा रॉड काढला, चेन सैल केली. आता चाकाच्या मधून आरपार गेलेला तो लोखंडी दांडा, म्हणजे एक्सल, ओढून काढला की चाक हातात. धर्मानं ओढला. मी ओढला. आम्ही दोघांनी एकमेकांना धरून ओढला. एक्सल जसाच्या तसा. दहा वर्षांच्या खाऱ्या पाण्यानं त्याला आत गंजवून चाकाशी एकजीव करून टाकलं होतं.

धर्मा घण घेऊन आला आणि त्यानं एक सणसणीत ठेवून दिली. गाडी स्टँडवरून उडी मारता मारता राहिली.

"हाणू नकोस!" सिस्टर ओरडल्या. "आटे मेले तर नट परत बसंल का? मंग चाक काय हातात धरून जाऊ?"

एव्हाना ओपीडीची रांग आपोआप गाडीभोवती आली होती. सल्ला देण्यात कोणीच मागे नव्हतं. दम्याचे एक आजोबा म्हणाले बैलगाडीला असं कधी होत नाही. डॉक्टरसाहेब बाहेर आले, वाकून पेशंटचा घसा बघावा तसं चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "गंजाचं आकारमान लोखंडापेक्षा जास्त असतं."

"बरं झालं सांगितलंस," सिस्टर म्हणाल्या. "आता इथं धर."

रांगेत तळोज्याच्या कारखान्यातला एक फिटर होता. घरच्या स्टोव्हनं हात भाजून घेऊन आलेला, दोन्ही पंज्यांना बँडेज. तो इतका वेळ तळमळत होता. शेवटी न राहवून पुढे आला.

"ओ सिस्टर, ऐका माझं. ठोकायचा नाही, आधी फिरवायचा. जागेवर फिरला ना, की बाहेर येणारच. नट परत लावा, टोकाच्या बरोबरीनं, म्हणजे आटे वाचतील. रॉकेल सोडा दोन्ही बाजूंनी. आणि गरम पाणी."

"गरम पानी?"

"चाकाचा मधला भाग तापला की जरा फुगतो. एक्सलला जागा मिळते."

सिस्टरांनी एकदा त्याच्याकडे, एकदा बर्फाच्या डब्याकडे बघितलं. मग कामाला लागल्या. सिरिंजा उकळायच्या स्टोव्हमधलं रॉकेल धर्मानं चमच्यानं सोडलं. सिरिंजांचं मोठं पातेलं मी चिमट्यांनी धरून आणलं, आणि उकळतं पाणी चाकाच्या मध्यावर हळूहळू ओतायला सुरुवात केली.

आणि वास सुटला.

दहा वर्षांचे बोंबील, दहा वर्षांची कोळंबी, सगळं त्या गंजात मुरून बसलेलं होतं. ते एकदम शिजलं. तीन मांजरं कुठून तरी वाऱ्यासारखी आली. त्यांच्यामागे आम्ही कधी न पाहिलेली आणखी दोन. दम्याचे आजोबा डोळे मिटून म्हणाले, "कालवन झायला!" रांगेतल्या एका बाळंतिणीनं घोषणा केली की तिला भूक लागली. सिस्टर पाना एक्सलच्या डोक्याला लावून बसल्या होत्या, त्यांना हसू आलं, आणि हसल्या की त्यांच्या हातातला जोर जात असे.

"हसू नका!" फिटर बँडेजचे दोन्ही हात वर करून ओरडला. "पाणी थंड होतंय! फिरवा!"

"मना हसवू नकोस मंग!"

पाच मिनिटं तशीच गेली. पातेलं दुसऱ्यांदा आलं. सिस्टरांनी ओठ घट्ट मिटले, पाय रोवले आणि सगळा भार पान्यावर टाकला. त्यांचा भार म्हणजे त्यांच्याच हिशेबानं ब्याऐंशी किलो. कसलासा बारीक आवाज आला. कुई.

सगळे चाकावर वाकले. मांजरंसुद्धा.

"हललं," फिटर कुजबुजला. "आता उलटं. परत सुलटं. घाई नाही करायची."

कुई. कुई. एक केसभर इकडे, दोन केस तिकडे. मग एक बोट. मग पाना पाव फेरा फिरला आणि व्हरांड्यातून टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. सव्वादहा. आता एक्सलच्या मागे लावून ठोकायला बारीक दांडा हवा होता. कोणाला काही सुचेना. सिस्टर आत गेल्या आणि अडगळीत पडलेल्या सलाईनच्या मोडक्या स्टँडचा दांडा घेऊन आल्या. डॉक्टरांनी तोंड उघडलं.

"डाक्टर, तू तिकडं बघ," सिस्टर म्हणाल्या. डॉक्टर आज्ञाधारकपणे डोंगराकडे बघू लागले.

नट काढला. धर्मा एका बाजूनं दांड्यावर हळू हळू ठोकायला लागला, सिस्टर दुसऱ्या बाजूनं पाना फिरवत ओढायला लागल्या. एक इंच आला. दोन इंच. लाल पाणी गळायला लागलं. रांगेतले सगळे एका सुरात म्हणायला लागले, "आला, आला, आला..." आणि मग तो एकदम आलाच. सिस्टर एक्सल छातीशी धरून सरळ मागे जमिनीवर बसल्या, धर्मा दांड्यासकट चाकावर आडवा झाला, आणि माझ्या हातातलं पातेलं मी का कोण जाणे हवेत फेकलं.

एवढं हसणारा दवाखाना मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिला नाही. आजोबा हसताना खोकत होते आणि खोकताना हसत होते. फिटर विजयी मुद्रेनं बँडेजचे हात सगळ्यांच्या हातावर आपटत होता आणि दर वेळी विव्हळत होता. डोंगराकडे तोंड केलेल्या डॉक्टरांचे खांदे हलत होते.

सिस्टर मात्र सगळ्यांत आधी उठल्या. "कदम, बर्फ बघ."

बर्फ होता. एक्सल पॉलिश पेपरनं घासला. ग्रीस नव्हतं, म्हणून मी माझ्या खोलीतला व्हॅसलिनचा अख्खा डबा आणला आणि दोन बोटांनी भरभरून लावला. आधी अडून बसलेला तोच एक्सल आता नुसत्या अंगठ्यानं आत सरकला. नवी ट्यूब, धर्माच्या सायकलचा पंप, नट घट्ट. अकरा वाजता आम्ही निघालो. सिस्टर पुढे, मी मागे मांडीवर लशीचा डबा धरून. सोमी आणि तिचं पोर आधीच पायवाटेनं निघून गेली होती.

वाडीत पोचलो तेव्हा ट्रक भरला होता. मागच्या हौद्यात भांडी, कोंबड्या, गोधड्या, म्हातारी माणसं, पोरं. इंजिन सुरू. मुकादम ड्रायव्हरच्या शेजारी बसून हात हलवत होता. वाट जेमतेम एका गाडीची. सिस्टरांनी मोटारसायकल ट्रकच्या बरोबर समोर आडवी लावली, किल्ली काढून ब्लाऊजमध्ये टाकली आणि खाली उतरल्या.

"ओ बाई, गाडी घ्या बाजूला!" मुकादम ओरडला.

"नाय होनार बाला," सिस्टर दुःखी चेहऱ्यानं म्हणाल्या. "एक्सल जाम हाय."

"म्हणजे?"

"मागचं चाक नाय फिरत. गंजलाय आत. आता रॉकेल सोडायचं, वाट बघायची. अर्धा तास तरी."

मुकादमानं माझ्याकडे बघितलं. मी, आयुष्यात पहिल्यांदा, न अडखळता खोटं बोललो, "फार वाईट जाम आहे."

"तवर तू बीडी ओढ," सिस्टर म्हणाल्या, "मी पोरांना जरा बघते."

त्या ट्रकच्या हौद्यात चढल्या. एका मागून एक पोर पुढे घेत होत्या, त्याला काहीतरी विचारत होत्या. कोंबडी कुठली तुजी? भट्टीवं कोन कोन हाय? आणि पोर उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत "झालं पन!" म्हणून सुई बाहेर. मी औषध भरून देत होतो. सोमीच्या पोरानं एकट्यानं तेवढं भोकाड पसरलं, तेही पेपरमिंट मिळाल्यावर, कारण त्याला दोन हवे होते. तेवीस पोरं झाली. आम्ही आलो तेव्हापासून जेमतेम पंचवीस मिनिटं.

सिस्टर खाली उतरल्या, गाडीपाशी गेल्या, मागच्या चाकाला पायानं एक लाथ मारली आणि म्हणाल्या, "सुटला बग!" कीक मारून गाडी बाजूला घेतली. मुकादम बघतच राहिला. ट्रक निघाला. वरून सोमी हात हलवत होती. सिस्टर हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या, ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत. त्या वेळी मात्र त्या हसत नव्हत्या.

वैशाख सरता सरता वाडी परत आली. बातमी लागताच सिस्टर मला मागे बसवून निघाल्या. पोरं धुळीत खेळत होती, काळवंडलेली, रोडावलेली. सिस्टरांनी बोट दाखवून मोजली. मग पुन्हा एकदा मोजली. तेवीस. त्या झोपडीच्या मागे गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा नाक लाल होतं.

"धूर लय हाय," म्हणाल्या. चूल तर कुठलीच पेटलेली नव्हती.

पुढे माझी बदली झाली. पत्रं लिहायची त्यांना सवय नव्हती, मला आळस. पाच-सहा वर्षांनी कसल्याशा कामासाठी मी एसटीनं पनवेलला येत होतो. मुंबई-गोवा रस्ता जिथे पुण्याच्या रस्त्याला मिळतो तिथे आमची गाडी थांबून राहिली. पुढे सगळं अडलेलं. मी खिडकीतून डोकं काढून पाहिलं.

चौकाच्या मधोमध सिस्टर होत्या. केस पुरते पांढरे झालेले. त्यांच्यामागे पांढऱ्या साड्यांतल्या दोन तरुण नर्सबाया, दोघी मोपेडवर, हँडल घट्ट धरून, चेहरे घाबरलेले. सिस्टरांनी एक हात आडवा पसरून तळोज्याकडून आलेला एक भलामोठा टँकर थांबवला होता. दुसऱ्या हातानं त्या पोरींना खुणावत होत्या, या, या, काय होत नाय. टँकरवाल्यानं कर्कश हॉर्न वाजवला. सिस्टर त्याच्याकडे वळल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही. पण ड्रायव्हरनं हॉर्नवरून हात काढला आणि चक्क मान खाली घातली. एक मोपेड डुगडुगत पलीकडे गेली. मग दुसरी. पलीकडे पोचल्यावर त्या पोरीनं दोन्ही हात हँडलवरून उचलून टाळी वाजवली.

मी हाका मारल्या. इंजिनांच्या आवाजात त्या कुठे पोचणार? सिस्टरांनी टँकरला जायची खूण केली आणि पोरींच्या मागे निघून गेल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी विचारलं, "ओळखीच्या वाटतं?"

"हो."

"तुमच्या हाताखाली होत्या का?"

"नाही हो," मी म्हणालो. "मी त्यांच्या हाताखाली होतो."